घर लाभत नाही

मावसबहिणीने फोनवर पाठवलेला पहिलाच फोटो मी बराच वेळ बघत राहिले. जांभ्याच्या चिऱ्यांचं कमरेएवढं जोतं, त्यावर मंगलोरी कौलांचं घर, पुढे लांब पडवी, खळ्यात तुळस आणि मागे घरावर सावली धरलेला जुना फणस. खाली मजकूर होता: राजापूर तालुका, घरासह २२ गुंठे, बारमाही विहीर, हापूसची १४ कलमं, किंमत ११ लाख.

त्याच परिसरात रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेला गुंठ्यामागे लाखाच्या आसपास भाव सांगत होते. त्या हिशेबाने इथे घर फुकट, विहीर फुकट, कलमं फुकट आणि वर निम्मी जमीनही फुकट मिळत होती. बहीण आणि भावोजी नुकतेच निवृत्त झाले होते. पुण्यातल्या फ्लॅटमधून बाहेर पडून मातीवर पाय टेकवायचा, ही दोघांची जुनी इच्छा. भावोजींची वडिलोपार्जित शेती साताऱ्याकडे आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा हाताशी होता. तो नसता तर १९४८च्या कूळकायद्यातल्या कलम ६३ पाशीच विषय थांबला असता.

“ताई, तू आजोळी वाढलीस. तिकडची माणसं तुला कळतात. तू एकदा बघून ये,” बहीण म्हणाली.

मी आधी दलालाला एकच प्रश्न विचारला. एवढं स्वस्त का? त्याचं उत्तर तयार होतं. मालक मुंबईत, घर वर्षाचे अकरा महिने बंद, पुढच्या पिढीला रस नाही. हे खोटं नव्हतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला. बंद दारं, गंजलेली कुलपं आणि पावसात खचलेल्या पडव्या प्रत्येक वाडीत दिसतात. पण म्हणूनच मला ते उत्तर पटेना. हे कारण वाडीतल्या निम्म्या घरांना लागू होतं. मग निम्म्या भावात हे एकच घर का?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथे पोचले. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी लागली. पुढे दीडशे-दोनशे पावलं दगडी पाखाडी, आणि ती थेट दुसऱ्या एका घराच्या खळ्यातून जाणारी. गडग्याला बेडं होतं, ते सरकवून आत जायचं. त्या खळ्यात एक वयस्क काकी आमसुलं वाळत घालत होत्या. दलालाला बघून त्यांनी मान खाली घातली. परतताना तो फोनवर बोलत पुढे गेला तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

“घर बघायला आलात?”

“हो काकी.”

“बघा. पण लाभत नाही ते घर.”

कोकणात हे वाक्य ऐकलं की पुढचं विचारायचं नसतं, असा एक रिवाज आहे. माणूस मनातल्या मनात देवचार, राखणदार, विहिरीत गेलेली कोणी सून असं काहीतरी जुळवतो आणि मुकाट्याने पाय काढता घेतो. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत आले आहे आणि त्याला मी हसत नाही. गावात ज्या गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत, त्या बोलायला हे वाक्य उपयोगी पडतं. शेजाऱ्याच्या भानगडीबद्दल बोललं तर पाणंदीवरून भांडण होतं. भुताबद्दल बोललं तर कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून मी विचारलं, “काकी, कोणाला लाभलं नाही?”

त्यांनी बोटांवर मोजलं. आधी एक गुरुजी. इसार देऊन गेले, परत आले नाहीत. त्यानंतर ठाण्याचे कोणी नवरा-बायको. त्यांचाही इसार बुडाला. “गुरुजी तर गणपतीत येऊन राहिले होते दोन दिवस. तेवढ्यात मुंबईकर गणपती घेऊन आले. मूळ घर ना ते. गुरुजी पडवीत उभे, आणि हे सगळे आत.”

मला हवं होतं ते निम्मं त्या चार वाक्यांत होतं. पण कागद बघितल्याशिवाय काही म्हणायचं नाही आणि लाकूड ठोकल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्यामुळे आधी घर.

आजोळच्या ओळखीतले एक सुतारकाका आहेत, सत्तरीच्या पुढचे. ते फक्त पटाशी आणि एक छोटी हातोडी घेऊन आले. माळ्यावर चढले आणि एकेक वासा ठोकत निघाले. “ऐका,” ते म्हणाले. चांगल्या वाशाचा आवाज खणखणीत येतो. पश्चिमेच्या भिंतीवर टेकलेल्या चार वाशांच्या टोकांतून बोदा आवाज आला. पटाशीचं टोक सहज आत गेलं. वाळवीने बाहेरचा पापुद्रा तेवढा ठेवून आतलं खाल्लं होतं, आणि भिंतीवरून वर चढलेली तिची मातीची नळी ऑइलपेंटच्या ताज्या हाताखाली दडवली होती. माजघराचे खांब मात्र फणसाचे आणि भाल किंजळीची. त्यांवर काकांनी नुसता हात फिरवला आणि पुढे गेले.

भिंतींचं दुखणं निराळं होतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापून काढताना पाहिले आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला इंग्रजी नाव दिलं, ते याच गुणामुळे. पण हा दगड सच्छिद्र आहे. मातीच्या दर्जांत रचलेली जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडते. तिला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. या घराला कोणीतरी आतून-बाहेरून गिलावा केला होता आणि खालच्या वीतभर पट्ट्यात तो फुगून सुटत होता. शेणाच्या जमिनीवर टाइल्स बसवल्या होत्या, त्यामुळे खालची ओलही भिंतीतच चढत होती.

विहिरीत दोन हात पाणी होतं, गढूळ. जाहिरातीतलं “बारमाही” मे महिन्यात बघितलं तरच कळतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर टँकर जातात. कातळाच्या सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत खाली निघून जातं. सड्याच्या पायथ्याची विहीर टिकते, वरच्या अंगाची आटते. ही वरच्या अंगाची होती.

शेवटी काका घराच्या मागच्या कोपऱ्यात बसले. तिथे जोत्याला एक तिरकी भेग होती. तिच्यात सिमेंट भरलं होतं, पण एकदा नव्हे. तीन रंगांचं सिमेंट स्पष्ट दिसत होतं, एकावर एक. म्हणजे भरलं, पुन्हा फाकलं, पुन्हा भरलं.

“घर वाईट नाही,” ते हात झटकत म्हणाले. “गिलावा खरवडून काढा, टाइल्स उचका, वासे बदला. दोन-तीन लाख घाला, तुमच्या नातवंडांपर्यंत उभं राहील. हा कोपरा मात्र पावसात येऊन बघा.”

दोन-तीन लाखांची डागडुजी. त्याने ११ लाखांची फट बुजत नव्हती.

आता कागद. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी सातबारा हातात घेतला आहे, पण तो वाचायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. वर गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख. खाली गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद. सातमध्ये भोगवटादाराचं नाव येतं आणि एका बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. माझ्या मते सातबाऱ्यात आधी तोच वाचावा. कूळ, बोजा, विहिरीतला वाटा, वाटेचा हक्क, सगळं तिथे सापडतं. आणि महाराष्ट्रात अनेक दशकं तिथे आणखी एक गोष्ट लिहिली जात आली: बाप गेल्यावर मुलींची नावं. मुलगे भोगवटादाराच्या रकान्यात, मुली इतर हक्कात. एकाच बापाच्या लेकरांना कागदावर दोन जागी बसवण्याची ही पद्धत कोणत्या कायद्यात लिहिलेली नव्हती. ती हातवळणी पडली होती.

दलालाने दिलेला सातबारा स्वच्छ होता. एक नाव, इतर हक्क रिकामा, बारामध्ये थोडं क्षेत्र घरपड. आठ अ चा खातेउताराही त्याच नावावर. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना आठही त्याच नावावर, पण घरपट्टी ज्याच्या नावावर तो मालक, असं कायदा म्हणत नाही. ती कर कोण भरतो एवढंच सांगते. तसं सातबाराही मालकी सिद्ध करणारा दस्त नव्हे. तो महसुलाचा कागद आहे आणि उलट पुरावा येईपर्यंत खरा मानायचा असतो. त्यामुळे आजचा उतारा बघून थांबायचं नाही, त्यावरच्या फेरफार क्रमांकांना धरून मागे मागे जायचं. संगणकीकरणाच्या आधीचे हाताने लिहिलेले उतारे आणि फेरफार नोंदवही यांच्या नकला अर्ज करून मिळतात. मी तीन हेलपाटे घातले.

१९७४चा वारस फेरफार सापडला तेव्हा घराचा इतिहास एका पानावर उभा राहिला. बाप मयत. वारस: पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी. थोरल्या मुलाच्या नावापुढे तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. कोकणातल्या हजारो उताऱ्यांवर ही अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ असा, की हा माणूस सगळ्यांच्या वतीने नाव लावून आहे. जमीन त्याच्या एकट्याची नाही. पण उतारे पुन्हा लिहिले जातात, नकलेची नक्कल होते, आणि कुठेतरी ती तीन अक्षरं गळतात. उरतं एकच नाव. पुढच्या पिढीला ते नाव मालकाचं वाटतं, कधी प्रामाणिकपणे आणि कधी सोयीने.

इथे सोय दिसत होती. १९९१ साली आणखी एक फेरफार होता. धाकट्या भावाचं नाव आणि इतर हक्कातलं बहिणीचं नाव एकाच नोंदीने कमी झालं होतं. आधार काय, तर वर्दी आणि जबाब. धाकट्या भावाची सही, बहिणीचा अंगठा. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वकिलांनी तीस वर्षांहून मागे जाऊन शोध घेतला, सूची दोन चाळली. तसा दस्त कुठेच नव्हता.

बहिणीच्या हक्काबद्दल एक गैरसमज गावोगाव पक्का बसला आहे, की मुलींना वाटा २००५च्या दुरुस्तीने मिळाला आणि त्याआधी लग्न झालेल्यांचा काही संबंध नाही. खरं पाहता १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस झाली. बाप १९७४ साली गेला, तर त्याच्या स्वतःच्या हिश्शात तिचा वाटा त्याच दिवशी पडला. तो भावांपेक्षा कमी असेल, पण शून्य नाही. २००५ने तिला जन्मापासूनची सहदायाद केलं आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्यावर अवलंबून नाही, असं सांगितलं. नोंदवहीत नाव कमी झालं म्हणून हक्क जात नाही.

आता गुरुजींची गोष्ट उलगडली. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ४४ आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एखाद्याचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला त्या घरात इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा. आणि दावा लावला, की १८९३च्या वाटप कायद्यातलं कलम ४ कुटुंबातल्या सहहिस्सेदाराला उभं करतं: न्यायालय किंमत ठरवील आणि त्या किमतीला तो बाहेरच्याचा हिस्सा विकत घेऊ शकेल. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना घर म्हणजे काय हे कळत होतं असं मला वाटतं. राहत्या घरात परका माणूस हिश्शाचा कागद घेऊन घुसू नये, एवढी त्यांनी काळजी घेतली. गुरुजींनी खरेदीखत करून घेतलं असतं तरी दर भाद्रपदात ते पडवीतच उभे राहिले असते.

मोजणीच्या नकाशाची क प्रत नव्हती, ती मागितल्यावर दलालाचा आवाज बदलला. जुन्या नकाशावर हिस्से लावून बघितल्यावर विहीर शेजारच्या हिश्शात निघाली, आणि तो हिस्सा सात जणांच्या नावे सामाईक. पाखाडीचा तर कुठेच उल्लेख नव्हता. वीस वर्षांची उघड, अखंड वहिवाट असेल तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने वाटेचा हक्क सांगता येतो, कोणी वाट अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येतं. पण हा हक्क चालण्याचा. त्यावरून सिमेंटचा ट्रक नेऊ देणं काकींच्या मर्जीवर होतं.

या शोधात राजापूर ते सावंतवाडी अशी आणखी काही स्वस्त घरं मला दाखवली गेली. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. एकाच्या खालच्या जमिनीवर कुळाचा दावा होता. हा प्रश्न कोकणात खोतीपासूनचा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. जी कुळं कागदावर राहिली आणि जी कागदाबाहेर कसत राहिली, त्यांची नातवंडं अजून कचेऱ्यांत उभी आहेत. एका घराच्या मागची बाग खाजगी वनाच्या नोंदीत अडकली होती, १९७५च्या कायद्यातली. आंबोली, गेळे, चौकुळ इथे तर गावंच्या गावं कबुलायतदार गावकर पद्धतीच्या प्रश्नात अडकून पडली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या जमिनीवर महाराष्ट्र शासन असं नाव लागलं. आणि राजापुरात रिफायनरी प्रकल्पाचा प्रश्न आहेच. नाणारची अधिसूचना २०१७ची, ती २०१९मध्ये मागे घेतली गेली, मग २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करत माणसं उन्हात बसली. अशा काळात जमीन घाईने हात बदलते. विकणाऱ्याला कळलेलं असतं ते घेणाऱ्याला कळलेलं नसतं, किंवा नेमकं उलट.

गावठाणातल्या घरांसाठी २०२०पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं दिली जात आहेत. चांगलं काम आहे. पण कोकणात घरं वाड्यावाड्यांनी विखुरलेली, गावठाणाच्या रेषेबाहेर शेतजमिनीत उभी. आमच्या घराला त्याचा उपयोग नव्हता.

एवढं झाल्यावर खरं तर विषय संपायला हवा होता. पण सुतारकाकांचा शब्द राहिला होता, म्हणून जुलैत आम्ही तिघं गेलो. भावोजींनी हट्टच धरला.

पावसात घर इतकं सुंदर दिसत होतं की बहीण पाखाडीवरच थांबली. पन्हळीतून पाणी धबाधबा पडत होतं, गडग्यावर शेवाळ चढलं होतं. आम्ही मागच्या कोपऱ्यात गेलो. तिसऱ्या रंगाचं सिमेंट फाकलं होतं. भेगेत माझं बोट जात होतं. जोत्याच्या बुडातून पाण्याचा एक झरा निघाला होता आणि त्याचं पाणी तांबूस गढूळ होतं, म्हणजे ते आपल्याबरोबर माती घेऊन येत होतं. वर बघितलं तर फणसाच्या मागचा उतार उभा कापलेला. वरच्या वाडीला रस्ता नेताना यंत्राने डोंगराचा पाय तोडला होता, ना संरक्षक भिंत, ना गटार. उतारावरच्या तीन-चार झाडांचे बुंधे खालच्या बाजूला कलून वर पुन्हा सरळ वाढले होते. माती सरकत असली की झाडं अशी वाढतात.

भावोजी छत्री मिटून भिजत उभे होते. आम्हा सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ला माळीण, १५१ माणसं. त्यानंतर १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची जमीन वेगळी, उतार वेगळा, कारणं वेगळी. या घरावर उद्या डोंगर येईल असं मी म्हणत नाही, ते भूवैज्ञानिकाने उतार तपासून सांगायचं. पण तीन वेळा सिमेंट भरणाऱ्या माणसाला काहीतरी दिसत होतं. आणि ते त्याने गुरुजींना, ठाण्याच्या जोडप्याला किंवा आम्हाला सांगितलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला. कागदातली लबाडी पैसे बुडवते. त्या कोपऱ्यात झोपणाऱ्याचा जीव गेला असता.

विकणाऱ्या गृहस्थांना मी नंतर भेटले, थोरल्या भावाचे चिरंजीव. त्यांच्या घरात आजारपण होतं, कर्ज होतं, हे दिसत होतं. मी त्यांना सरळ विचारलं की तुमच्या काकांचे मुलगे आणि आत्या सह्या करतील का? सगळ्यांच्या सह्या, विहिरीचा वाटा लिहून, उताराला भिंत बांधून, तर बहीण १८-२० लाखांपर्यंत जायला तयार होती. वाटून घेतले तरी प्रत्येकाच्या हाती काही पडलं असतं. त्यांनी मान हलवली. “त्यांना बोलावलं तर घर विकूच देणार नाहीत.” म्हणजे जो निम्मा भाव कमी केला होता, तो त्यांच्या खिशातला नव्हता. ज्यांना विचारलं नव्हतं, त्यांच्या वाट्याचा होता तो.

आत्यांचा पत्ता मला मुंबईत मिळाला. परळ-लालबागच्या चाळींत कोकणातल्या गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. गिरण्यांत लागलेला गावचा मुलगा आधी तिथे पथारी टाकायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या दुनियेची घडी विस्कटली, माणसं कल्याण, डोंबिवली, विरारकडे पांगली, पण गावाच्या मंडळाच्या वहीत पत्ते अजून सापडतात. खरेदीच्या आधी वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा म्हणून. अशी नोटीस जिल्ह्याच्या पेपरात येते आणि हरकत घेणारं माणूस डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहत असतं.

आत्या सत्याहत्तर वर्षांच्या. लग्न १९६९ साली झालं, तेव्हापासून मुंबईत. वडील असेपर्यंत दर वर्षी गौरीला माहेरी जायच्या, नंतर दोन-तीन वर्षांनी एकदा, आणि वहिनी गेल्यावर गेल्याच नाहीत. मी आधी घराबद्दल काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, “फणस आहे ना अजून? बरका आहे तो. आबांनी बी लावलं तेव्हा मी दुसरीत होते.” फणस आहे, मी म्हणाले. “आणि विहीर? चैतात पाणी खाली जायचं. आम्ही पहाटे चारला उठून भरायचो, नाहीतर पुढची सगळी घरं आधी भरून न्यायची.” त्यांच्या सुनेने चहा आणला. भिंतीवर आबांचा फोटो होता, टोपी घातलेला, काच तडकलेली.

मग मी १९९१च्या फेरफाराची नक्कल काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. आपला हक्क राजीखुशीने सोडला, असा जबाब. खाली निळसर ठसा.

“हा कोणाचा अंगठा?”

“तुमचा म्हणून लावलाय.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नक्कल माझ्याकडे सरकवली.

“बाई, मी सातवी पास आहे. तालुक्याच्या गावी जाऊन परीक्षा दिली होती. आबा स्वतः चालत घेऊन गेले होते मला. मी आयुष्यात कधी अंगठा दिलेला नाही.”

त्यांनी माझी वही ओढून घेतली, पेन मागितलं आणि कोऱ्या पानावर सही केली. बाळबोध, वळणदार अक्षर, प्रत्येक अक्षरावर रेघ पूर्ण ओढलेली. ते सासरचं नाव होतं. जरा थांबून त्याच्याखाली त्यांनी दुसरी सही केली, माहेरच्या नावाने, आबांचं नाव मध्ये घेऊन.